अरविंदचं मेणकापड

तुम्हाला सांगते, दुसऱ्याचं सामान कधी आवरायला जाऊ नये. शेजारचा अरविंद दोस्तांसोबत हिमालयात पायी हिंडायला निघाला, तेव्हा मी सहज त्याची पाठपिशवी उघडली. खायचं काहीच नाही! मग जाडजूड मेणकापड काढून मी तिथे दोन शेर शेव भरली, त्याला न विचारता.

महिन्यासाठी गेलेला पोरगा पंधरा दिवसांत परत, खोकत.

“इतक्या लौकर रे?”

“काकू, वर नुसता पाऊस न् थंडी. कपडे, कांबळी, सगळं भिजलं. मीच मेणकापड विसरलो बघा. माझ्यापायी सगळे अर्ध्यातून परतले. आता दोस्त बोलत पण नाहीत.”

मेणकापड माझ्या फळीवर, लोणच्याच्या बरण्यांखाली अंथरलेलं होतं.

मी म्हटलं, “जाऊ दे रे, विसरतो माणूस.”