काकानं ओढला दोर

तुमी सारे इचारता ना, डायव्हिंगचा पुढचा कोर्स कवा करतो म्हणून? तं आयका.

समुद्रावर पयला कोर्स करून मी आपल्या गावाले, मेडशीले आलो, तं काकाची पाण्याची मोटर विहिरीत पडलेली. मी ऐटीत कोर्समधल्या मित्राचं हवेचं सिलेंडर पाठीवर चढवलं. काकानं माह्या कमरेले दोर बांधला. तळाले गेलो तं सोताचा हातबी दिसेना. घाबरून श्वास जोरात चालला, अन् वर बुडबुडेच बुडबुडे! ते पाहून काका बोंबलला, "पोट्टं बुडून राह्यलं, ओढा रे!"

विहिरीवरच्या चौघांनी मले बादलीसारखं सर्रकन वर ओढलं. असं वर येताना श्वास रोखला तं फुप्फुस फाटते, एवढंच मले आठवलं. वरपर्यंत मी तोंडानं हवा सोडत आलो. वाचलो.

बाहेर आलो तसाच कोर्सच्या सरले फोन लावला. "सर, पुढचा कोर्स कधी करू?"

सारं ऐकून सर म्हणाले, "तू थांब. आधी काकांना कोर्सला पाठव."

फोन स्पीकरवर होता. काका भडकला, "मी कायले? वाचवलं तं म्याच ना!"