मेनूतले घरचे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचे संचालक महोदय, त्यांच्या शेजारी बसलेल्या परिभाषा समितीच्या सन्माननीय सचिव, ज्यांच्या निरोपासाठी ही सगळी मांडामांड केली त्या आमच्या बाई, बाईंचे यजमान, आणि भाषणं लांबली तर सटकता यावं म्हणून दाराजवळच्या खुर्च्या पकडून बसलेले माझे समस्त सहकारी, सगळ्यांना माझा नमस्कार.

मंचावर एक खुर्ची रिकामी दिसते आहे. कुणी गैरसमज करून घेऊ नये, ती बाईंचीच आहे. पण बाई म्हणाल्या, मी खाली यांच्याजवळ बसते. संचालक साहेबांनी दोनदा आग्रह केला, बाई दोनदा हसल्या आणि बसल्या त्या पहिल्या रांगेतच. ज्यांनी बाईंबरोबर एक तरी बैठक काढली आहे त्यांना ते हसणं माहीत आहे. त्या हसल्या की समजावं, विषय संपला.

मला सांगण्यात आलंय की थोडक्यात बोला आणि गोड बोला. थोडक्यात बोलेन. गोड बोलणं माझ्या धंद्यात बसत नाही. प्रोग्रॅममधल्या चुका हुडकणं हे माझं काम, म्हणून संस्थेत मला खुसपट म्हणतात. तोंडावर खुसपटराव म्हणतात, पाठीमागे राव गळतं. माझी त्याला हरकत नाही. माणूस वर्षानुवर्षं खुसपटं काढत बसल्यावर त्याला काय गुलाबराव म्हणणार?

बाहेरून आलेल्या पाहुण्यांसाठी आमचं काम जरा सांगतो. संगणक चालवणारी लिनक्स नावाची वस्तू फुकट मिळते, पण ती नुसती घेऊन काय करणार? रिकामं घर. आमची संस्था त्यात सामान लावते, आपल्या भाषेत पाट्या लावते आणि शाळा, वाचनालयं, कचेऱ्या यांना देते. मशीन सुरू केलं की लिहायचा प्रोग्रॅम, फोटो बघायचा प्रोग्रॅम, कॅल्क्युलेटर, घड्याळ हे सगळं आधीपासून आत बसलेलं असतं. ते आपोआप येऊन बसत नाही. काय ठेवायचं आणि काय नाही, हे कुणीतरी ठरवावं लागतं. आमच्याकडे ते बाई ठरवायच्या.

आता, या आधीपासून बसलेल्या मंडळींना म्हणायचं काय? परिभाषा समितीनं शब्द दिला होता, ‘पूर्वनिर्धारित अनुप्रयोग’. बाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाल्या, “पूर्वनिर्धारित असतं ते मरण. हा साधा कॅल्क्युलेटर आहे हो!” मग म्हणाल्या, जो आधीपासून आहे, ज्याला बोलवावं लागत नाही, तो घरचा. आपण मागाहून आणून बसवतो तो बाहेरचा. झालं, मेनूत दोन पाट्या लागल्या. ‘घरचे’ आणि ‘बाहेरचे’.

मी अर्थातच खुसपट काढलं. म्हटलं, बाई, लोक हसतील. हसलेच. आमच्याकडे तक्रारी काय यायच्या माहीत आहे? ‘घरचे अचानक बंद पडले, काय करावे?’ ‘बाहेरचे आणल्यापासून घरचे उघडत नाहीत.’ एका गृहस्थांनी विचारलं होतं, ‘घरचे कायमचे काढून टाकता येतात का?’ त्याला मी स्वतः उत्तर दिलं होतं की आम्हीही प्रयत्न करून पाहिलाय. पण लोक हसले तरी विसरले नाहीत. सही करताना ज्यांचा हात थरथरतो अशी माणसंसुद्धा ‘घरचे’ वर बरोबर बोट ठेवायची.

बाईंची पारख करायची पद्धत मोठी अजब होती. दुपारी सुट्टीत त्यांचे यजमान यायचे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचे ते. कुठल्या रस्त्याखालून कुठली नळाची लाईन जाते, ते सगळं शहर त्यांना जमिनीखालून माहीत. आम्ही त्यांना नकाशेवाले म्हणायचो. खिडकीजवळच्या मशीनवर बाई त्यांना बसवायच्या आणि नवा प्रोग्रॅम उघडून द्यायच्या. सांगायचं काही नाही. यांना न विचारता जमला तर तो घरचा, नाहीतर जा बाहेर. मी म्हणायचो, बाई, ही कुठली शास्त्रशुद्ध चाचणी? नवऱ्यावर प्रयोग? तर त्या म्हणायच्या, “मग कुणाच्या नवऱ्यावर करू?”

चित्रं काढायचे दोन प्रोग्रॅम होते. एक मोठा, कौतुकाचा, माझ्या पसंतीचा. एक लहान, ज्यात सरळ रेघ आणि पट्टी एवढंच धड होतं. नकाशेवाल्यांनी मोठा उघडला, बंद केला आणि लहानात आमच्या कचेरीपासून त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता काढून दाखवला. वर रस्ता, खाली पाण्याची लाईन, वळणावरच्या झडपांसकट. म्हणाले, “हिला कधी वाट चुकली तर नळाच्या कडेकडेनं यावं.” बाई लाजल्या. लहान प्रोग्रॅम घरचा झाला.

आणि मग तोच प्रोग्रॅम बाईंनी काढून टाकला.

मी बैठकीत भांडलो. का? तो काय खायला मागत होता? बाई म्हणाल्या, गर्दी होते. पुढच्या आवृत्तीत कॅल्क्युलेटर गेला. मग टपालाचा प्रोग्रॅम गेला, मग कॅलेंडर. म्हटलं, बाई, कांदा सोलायला घेतलाय, शेवटी हातात काय राहणार? म्हणाल्या, “डोळ्यांत पाणी राहील की.” सगळे हसले, मीही हसलो.

बाहेर मात्र कौतुक सुरू झालं. कमीत कमी आणि नेमकं, असं परीक्षणांतून छापून आलं. बाईंच्या निवडीमागे म्हणे एक तत्त्वज्ञान होतं. संचालक साहेबांनी त्याबद्दल एक पदकही स्वीकारलं, ते त्यांच्या खोलीत लावलेलं आहे, पुसलेलं असतं. साहेब, राग मानू नका.

आता पुढचं सांगायला मी बाईंची परवानगी घेतली आहे. त्या म्हणाल्या, “सांगा. लपवण्यासारखं काय राहिलंय?”

त्यांच्या घरच्या मशीनचा आवाज बंद पडला होता म्हणून मी एकदा त्यांच्याकडे गेलो. नकाशेवाले मशीनसमोर बसले होते. कचेरीत येणं त्यांनी तोवर सोडलं होतं. ते मेनू उघडत, ‘घरचे’ वर दाबत, आतले दोन-तीन प्रोग्रॅम एकेक करून बघत आणि बंद करत. पुन्हा मेनू. पुन्हा ‘घरचे’. मला वाटलं, जुनी सवय, चाचणी चालली आहे. मी शेजारी खुर्ची ओढली आणि विचारलं, काय शोधताय?

ते म्हणाले, “इथं घरचे असं लिहिलंय. पण आत कुणीच नाही.”

मंडळी, मी आयुष्यभर चुका शोधल्या. अशी चूक माझ्या कुठल्या चाचणीत आली नव्हती. शब्दही बरोबर होता आणि त्यांनी वाचलंही बरोबर होतं.

बाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या होत्या. मग त्यांनी सांगितलं. चित्रांचा प्रोग्रॅम का काढला, तर एक दिवस यांनी तो उघडला आणि रेघ कशी ओढायची ते यांना आठवेना. घाबरले. टेबलावर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. कॅल्क्युलेटरचंही तेच, कॅलेंडरचंही तेच. यांच्या हातून जे सुटेल ते पुढच्या आवृत्तीत बाई उचलून बाजूला ठेवत होत्या. हेच ते तत्त्वज्ञान, ज्याला पदक मिळालं.

मी खुसपट, मला तिथंही गप्प बसवेना. म्हटलं, अहो, यांच्या एकट्याच्या मशीनवरून काढायचं होतं! सगळ्या जगाच्या मशीनवरून कशाला?

बाई म्हणाल्या, “यांच्या एकट्याच्या मशीनवरून काढलं असतं, तर हे कमी झाले असते. सगळ्यांचंच काढलं, म्हणजे प्रोग्रॅम कमी झाला. हे आहेत तेवढेच राहिले.”

मी आवाज दुरुस्त केला, चहा घेतला आणि घरी आलो.

त्यानंतर बाईंनी घरच्या मशीनवर एक गोष्ट केली. ‘घरचे’ वर दाबलं की आत फोटो उघडायचे. बाईंचा, मुलीचा, मुलीच्या मुलाचा. काही दिवस ते चाललं, चांगलं चाललं. नकाशेवाले रोज सकाळी ‘घरचे’ उघडून बसायचे, “ही धाकटी,” म्हणायचे. धाकटी काय आणि थोरली काय, एकच मुलगी त्यांना. पण बाई हो म्हणायच्या. बाई मला जिन्यात सांगायच्या, आज मला ओळखलं. असं सांगायच्या की कुणाला वाटावं, पगार वाढलाय.

आणि त्याच सुमाराला परिभाषा समितीचा आदेश आला. सगळीकडे शब्द एकसारखा हवा. पुढच्या आवृत्तीपासून ‘घरचे’ बाद, ‘पूर्वनिर्धारित’ कायम. बाईंनी इतक्या वर्षांच्या नोकरीत संस्थेकडे एकच गोष्ट मागितली. म्हणाल्या, बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा, हा एक शब्द राहू द्या. अपडेट आलं की घरच्या मशीनवरची पाटीही बदलेल आणि यांना दार सापडणार नाही. सचिवबाईंनी फार आस्थेनं ऐकून घेतलं. म्हणाल्या, भावना समजतात, पण नियम सर्वांना सारखा. मी सचिवबाईंना बोल लावत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो, आणि वर शुद्धलेखनाची एखादी चूक काढली असती. पण नाही म्हणजे नाहीच झालं, एवढं खरं. मी अपडेट थांबवून ठेवा म्हटलं, तर बाई म्हणाल्या, किती दिवस थांबवणार?

या टेबलावर रंगीत कागदात गुंडाळलेला डबा दिसतोय ना, तो संस्थेतर्फे बाईंना निरोपाची भेट आहे. नवा लॅपटॉप. त्यात नवी आवृत्ती भरण्याचं काम माझ्याकडे होतं. संचालक साहेब, मी ती भरलेली नाही. मी जुनी भरली, ‘घरचे’ ची पाटी असलेली, आणि अपडेटची वाट कायमची बंद करून टाकली. काय शिक्षा करायची ती करा. माझेही नोकरीचे आता थोडेच दिवस उरलेत.

हे मी आज सकाळी बाईंना जिन्यात गाठून सांगितलं. खोटं कशाला बोलू, शाबासकी मिळेल म्हणून सांगितलं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “कशाला त्रास घेतलात? हे आता अक्षरं वाचत नाहीत. गेल्या महिन्यापासून.”

म्हणजे तो डबा तसा रिकामाच आहे. तरी बाई, घेऊन जा. आमच्याजवळ द्यायला दुसरं काही नाही. तुमच्या हातात टाकायला चार धीराचे शब्द मी रात्रभर शोधले. मिळाले असते तर इथं बोललो असतो. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. काळानंच हे केलं, बाई, त्याला कसलं औषध म्हणू? तुमची जागा भरणार नाहीत, ते कामही आता समिती करणार आहे. यजमान बरे होतील असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसाल आणि विषय संपेल.

शेवटचं सांगतो. मघाशी समारंभ सुरू व्हायच्या आधी मी नकाशेवाल्यांच्या एका बाजूला बसलो होतो, दुसऱ्या बाजूला बाई होत्या. नकाशेवाल्यांनी माझी बाही धरली आणि हळूच विचारलं, “तुम्ही घरचे का?”

दुसऱ्याचं चुकीचं वाक्य मी आजवर सोडलेलं नाही. मी म्हटलं, हो, घरचाच.

तर बाईंकडे बोट करून म्हणाले, “मग या बाईंना जरा सांगा. चांगल्या आहेत हो, काळजी घेतात. पण आता मला घरी सोडा म्हणावं. माझी बायको वाट बघत असेल.”

मी काही बोलायच्या आत बाईच म्हणाल्या, “हो, निघूच आपण. एवढं यांचं भाषण होऊ दे.”

म्हणून मी आता थांबतो. अध्यक्ष महोदयांनी आणि पाहुण्यांनी वेळ दिला, दाराजवळच्या मंडळींनी अजून दार उघडलं नाही, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल, काही जास्त-कमी बोललो असेन, तर खुसपटाच्या तोंडचं म्हणून पोटात घाला. फोटो, चहा-बिस्किटं वगैरे आपण मागाहून आपापसांत उरकू. दाराजवळच्यांनी कृपया वाट मोकळी करावी. यांना घरी जायचंय.