चतुर्थीचा उपास

तुम्ही हासान, पण एकेकाळी मी उपासाचं लय ढोंग केलं. कलकत्त्याच्या क्लबात पगारी फुटबॉल खेळलो, गुडघा फुटला, तसं त्याईनं घरी पाठवलं. पवनीले आलो तर हाताले काम नाही, अन् मांडी घालाले पाय पुरता वाकत नाही. लग्नात पंगत बसली का मी "आज उपास हाय" म्हणून उभाच राहत होतो.

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात शेजारच्या रामाजीकाकाच्या पोरीचं लग्न होतं. काका विणकर. मी पुन्हा तेच म्हटलं.

"कायचा उपास बे?" काकानं विचारलं.

"चतुर्थीचा."

"चतुर्थी काल झाली. माह्याच घरी साबुदाणा खाल्ला तू!"

सारी पंगत हासली. मले मेल्यावानी झालं. काकाची नजर माह्या ताठ पायावर गेली, तसं त्याईनं हात धरून मले घरात मागापाशी नेलं. त्याईचा माग खड्ड्याचा, विणणारा काठावर बसते अन् पाय खाली सोडते. त्या मागावर ते कोणाले पाण्याचा गिलासही ठेवू देत नव्हते. पण त्या दिवशी अर्ध्या विणलेल्या लुगड्यावर चादर टाकून त्याईनं माह्यं ताट मांडलं.

"बस. पाय सोड खाली. आधी काहून नाही सांगितलं लेका?"

हात धुताना म्हणाले, "पायानं मागाच्या खालच्या पावड्या दाबता येतीन तुले. उद्यापासून ये."

दहा वर्षं मी त्याच खड्ड्यात बसून लुगडी विणली. गुडघा आजही पुरता वाकत नाही. पण उपास मात्र त्या दिवसापासून एकही केला नाही.