साहेबांना ठसका लागला

छे हो, माझा कुठला! माझा नाहीये तो. आमच्या यांचा आहे. मी फक्त उचलून आणलाय. हे कामासाठी बाहेरगावी गेलेत, संध्याकाळपर्यंत यायचे, आणि नेमकं आजच दुपारी — सरकता का जरा? ही बॅग पायाशी ठेवते. तुमचं काय, कासव? बादलीत? बरं आहे, भाऊ. ओरडत नाही, उडत नाही, गपगुमान पडून राहतं. चार दिवस खात नाहीये? मग चार दिवस तुम्ही काय करत होतात? — जाऊ दे, तुम्हाला बोलणारी मी कोण. पण ही जागा बघा, काय वास मारतोय! फिनेल, त्यावर ओलं गवत, त्यावर कुणीतरी मुतलेलं, आणि त्या कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत ते वेटोळं घालून काय बसलंय ते — नको, सांगूच नका. कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यातही घाण असते, पण ती ओळखीची घाण. इथे सगळा अजबच कारभार. मघाशी एक बाई आली, छातीशी शालीत काहीतरी गुंडाळलेलं, मला वाटलं तान्हं मूल असेल, म्हटलं बघावं, तर आतून शेपूट आलं! अजून तोंडाला पाणी सुटतंय, चांगलं नव्हे, ओकारीचं.

पोपट आहे आमचा. करडा, परदेशी, हा एवढा. नाव साहेब. नाव यांनीच ठेवलं, आणि साहेबासारखंच वागवायचं त्याला. अकरा वर्षं! अकरा वर्षं मी त्याच्या पिंजऱ्याखालचे कागद बदलतेय. साहेब दर वीस मिनिटांनी शिटतात, घड्याळ लावून घ्या. पिसांची पांढरी पूड सगळ्या घरात — टीव्हीवर, उशीवर, वरणात म्हटलं तरी चालेल. आणि त्यावर कळस सांगू? हे संध्याकाळी घरी आले की साहेब यांच्या खांद्यावर. मग मान वरखाली, वरखाली, घशात गुळगुळ गुळगुळ, आणि दुपारी खाल्लेले दाणे, भिजलेले, चिकट, सगळे ओकून यांच्या कानात! कानात हो! आणि हे काय करतात? हसतात. 'अगं, भरवतोय तो मला. जोडीदाराला असंच भरवतात ते. प्रेम आहे ते.' प्रेम! मी एकदा तापात यांच्या पायावर उलटी केली तर तोंड वाकडं करून बादली शोधत फिरले होते. इथल्याच डॉक्टरांनी यांना बजावलंय, त्याच्या पाठीवरून हात फिरवू नका, तो तुम्हाला बायको समजायला लागतो. ऐकलंत? बायको! मग घरात मी कोण? — मी कागद बदलणारी.

मला चावतो ना. हे बघा बोट, हा व्रण मागच्या हिवाळ्यातला, आणि इथे, अंगठ्याशी, टाके पडले होते. का चावतो म्हणजे? सवत आहे मी त्याची. हसा, हसा. हसण्यासारखंच आहे. माझी धाकटी बहीणही अशीच हसते. तिला मी फोनवर साहेबांच्या गोष्टी सांगते आणि ती इतकी हसते की तिला ठसका लागतो.

ठसका? हो — यालाही ठसकाच लागलाय. दाणा खाताना. शेंगदाणा. असं लिहून दिलंय मी. आल्या आल्या त्या जाड चष्म्याच्या सिस्टरनं कागद काढला, प्रश्नांची ही एवढी रांग, आणि लागली वाचायला — काय खाल्लं, कधी खाल्लं, घरात नवीन रंग लावला का, फवारा मारला का, उदबत्ती, अत्तर, नॉनस्टिकचं भांडं तापलं का — नाही, नाही, नाही, नाही. पोलीस चौकीतसुद्धा इतकं विचारत नसतील. इथे पक्षी तोंड उघडून धापा टाकतोय आणि हिचं आपलं चाललंय, अत्तर वापरता का! मी म्हटलं, बाई, आधी त्याला आत घ्या, मग माझी उलटतपासणी करा.

काय? कसला वास? — नाही हो, माझ्या बॅगेला कसला वास येणार. फिनेलचा असेल. तुमच्या कासवाचा असेल. जळकट? — अहो, तुमचं नाक भलतंच तिखट आहे. काही नाही, एक भांडं आहे आत. वर्तमानपत्रात गुंडाळलंय. दवाखान्यात भांडं कशाला म्हणजे? घरात ठेवता येत नव्हतं म्हणून. कचऱ्यात टाकणार होते, पण आमच्या इमारतीचा कचरा खाली जिन्याशी असतो, उघडा, आणि हे येताना तिथूनच येणार. म्हटलं वाटेत कुठेतरी टाकू. मग गाडीत याची मान अशी लुळी पडली की वाटेतलं काही दिसलंच नाही मला.

आता विचारलंच आहे तर ऐका. साहेब घरात आले त्या दिवशी यांनी माझी सगळी नॉनस्टिक भांडी उचलून फेकली. सगळी. मी घासून पुसून जपलेली. का, तर म्हणे तो काळा थर फार तापून जळला की त्याचा धूर पक्ष्याच्या छातीत जातो, आपल्याला नुसता वास येतो, त्याचा जीव जातो. तेव्हापासून अकरा वर्षं लोखंडी तव्यावर अंडं खरवडतेय मी. खरवडलेलं अंडं खाल्लंय कधी? धड आमलेट नाही, धड भुर्जी नाही. यांना चालतं, यांचं लक्ष कुठे असतं ताटात. मग मागच्या वर्षी मी एक छोटं घेतलं. एवढंसं, एका अंड्यापुरतं. पिठाच्या डब्यामागे ठेवायचे. हे घरी नसले की काढायचं, मंद आचेवर, खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद — मी काय अडाणी नाहीये. मला सगळं माहीत होतं. गोल, मऊ, असं अलगद ताटात सरकणारं अंडं, आणि मी एकटी. तेवढं एक माझं होतं त्या घरात, असं समजा.

आज पॅन ठेवलं आणि बहिणीचा फोन आला.

बघू नका असं. माणूस आहे, विसरतं. रिकामं पॅन, गॅस मोठा, कारण लवकर तापवून मग बारीक करणार होते, आणि दार — दार उघडंच राहिलं, फोन बाहेरच्या खोलीत होता ना. धावले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, सगळं केलं. पण तोवर साहेब दांडीवरून खाली आले होते. पिंजऱ्याच्या तळाला, त्याच कागदावर, पंख पसरून. मी त्याला टॉवेलात घेतला. एरवी टॉवेल बघितला की रक्त काढतो. आज त्यानं माझं बोट चोचीत धरलं, हेच, व्रण असलेलं, आणि नुसतं धरून ठेवलं. चावला नाही. चावला असता तर बरं झालं असतं हो. गाडीत अख्ख्या रस्त्यानं तसंच धरून होता.

सांगितलं नाही. कसं सांगणार? तो कागद यांच्या हातात जाणार. यांच्या नावावर आहे साहेब इथे, अकरा वर्षांची फाईल आहे. नॉनस्टिक — हो, असं एकदा लिहिलं की झालं. मी म्हटलं दाणा खात होता. तोंडून निघून गेलं. मग डॉक्टर आले, चांगले आहेत, तरुण आहेत, त्यांनी विचारलं, नक्की दाणा खात असतानाच सुरू झालं? म्हटलं हो. पुन्हा विचारलं त्यांनी. पुन्हा म्हटलं हो.

मग काय करणार आता — दाणा श्वासनळीत अडकलाय असं धरून चाललेत ते. गुंगी देणार, घशात दुर्बीण घालून बघणार, आणि कुशीला छेद देऊन एक नळी बसवणार. पक्ष्यांच्या पोटात हवेच्या पिशव्या असतात म्हणे, घसा बंद असला तरी तिथून श्वास घेता येतो. मी सही केलीय. गुंगीपूर्वी थोडा वेळ ऑक्सिजनच्या पेटीत ठेवतो म्हणाले, जरा सावरला की घेतो. — हो, अजून पेटीतच असेल. — घशात काही नसलं तर? तेही बोलले ते. घसा मोकळा आणि फुप्फुसंच भाजलेली असली तर नळीचा काही उपयोग नाही, आणि गुंगी सोसायची नाही त्याला. म्हणून तर दोनदा विचारलं.

मला काय कळत नाही का, भाऊ? मघापासून तुम्ही दाराकडे बघताय, माझ्याकडे बघताय, दाराकडे बघताय. मला कळतं. पण मी काय सांगू, कुठून सांगू? भांडं होतं एवढंच सांगून भागणार नाही. ती सिस्टर पुढचं विचारणार — किती वेळ? लगेच बाहेर काढलात का? आणि मी लगेच — मी नाही काढला.

वास आला होता मला. बहिणीशी बोलत होते तेव्हाच आला. मी तिला तीच गोष्ट सांगत होते, कानात ओकण्याची, आणि ती हसत होती, थांब थांब, पोट दुखतंय म्हणत होती. किती महिन्यांनी कुणीतरी माझ्या बोलण्यावर हसत होतं. वास आला, मी ओळखला. मी बोलत होते त्याच खोलीत पिंजरा. तो खोकल्यासारखा एक आवाज करायला लागला — त्याला सगळे आवाज काढता येतात, दाराची बेल, यांचा खोकला, कुकर — मी म्हटलं, नाटकं. बहीण म्हणाली, काय गं झालं? मी म्हटलं, काही नाही, साहेबांना ठसका लागलाय. आणि ती पुन्हा हसली. आणि मी गोष्ट पुरी केली. दोन मिनिटं. चार असतील. शेवट चांगला जमतो मला त्या गोष्टीचा, तो सोडवेना.

त्याची किळस येते म्हणत होते ना मी तुम्हाला? शी. थुंकावंसं वाटतंय स्वतःवर. अकरा वर्षं ज्याची घाण काढली तो समोर गुदमरतोय आणि मी फोनवर नकला करतेय त्याच्या.

ऑपरेशनचा दिवा लागला का हो? तो दारावरचा? — उठले ना, उठतेच आहे. तुम्ही नका येऊ. सिस्टर! अहो सिस्टर, दार उघडा — गुंगी देऊ नका! दिली का? — नाही ना? — ऐका, दाणा नव्हता. मी खोटं सांगितलं. पॅन होतं, नॉनस्टिकचं, रिकामं जळलं. — मीच ठेवलं होतं. — दहा मिनिटं. नाही, लिहा, पंधरा. — बाहेरच्या खोलीत होता, मधलं दार उघडं. — नाही, लगेच नाही काढला. वास आल्यावरसुद्धा नाही काढला. सगळं लिहा, मी सही करते. — वाचेल का तो? — बरं. — बरं, बसते.

दार लावलं. पेटीतच ठेवणार म्हणतात, औषध वाफेतून देणार, छेद नाही. आजचा आणि उद्याचा दिवस काढला तर बघू म्हणाली. मला रागावली असती तर भांडले तरी असते मी तिच्याशी. पाणी नको हो. मला काही नको.

हा माझाच वाजतोय. यांचा आहे. तिसऱ्यांदा करतायत, फाईलवर यांचा नंबर आहे, इथूनच कळवलं असणार; परतीच्या गाडीत असतील. उचलते. उचलायलाच पाहिजे ना? — हां, बोला. — आहे. अजून आहे. — अहो, मध्ये बोलू नका, मला एकदा सगळं सांगू द्या, आणि मग काय ते — थांबा, फोन धरा जरा. — भाऊ, उठता का तुम्ही? ती बादली घ्या आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसा. जा हो. तुमच्यापुढे बोलले ते बोलले, हे मला यांच्याशी एकटीनं बोलू द्या.