बाबाईत जरा कमी वाईट

आणि वर मलाच म्हणतात, "इओतेबा, तुला तोंड उघडायची गरज काय होती?" अहो, मला उभं कुणी केलं? तुम्हाला सांगतो, लग्नाची बोलणी चालली होती, माझ्याच लग्नाची, सभाघर गच्च, एका बाजूला आम्ही बेटाच्या उत्तरेकडचे, समोर पाण्यापलीकडचे दक्षिणवाले, म्हणजे माझ्या तेरेतियाचं माहेर, मासे खाऊन झाले, भात झाला, शनिवार ठरला, आता माणसानं गुपचूप घरी जावं की नाही? नाही! आमचे नाकिबाएकाका उठले, "आमचं पोरगं तीन वर्षं सुव्हाला कॉलेजात राहून देशादेशांतला व्यापार शिकून आलंय! ऊठ रे, दाखव!"

आता व्यापार काय उठून दाखवायचा? पण काका म्हणाले म्हणजे... उठलो.

म्हटलं, सोपं करून सांगू. "समजा, आम्ही दिवसाला वीस मासे धरतो, तुम्ही दोन. आम्ही बाबाईच्या कंदाचे दहा खड्डे साफ करतो, तुम्ही चार. म्हणजे दोन्हीकडे तुम्ही आमच्यापेक्षा वाईट. पण घाबरू नका! बाबाईत तुम्ही जरा कमी वाईट आहात! तेव्हा तुम्ही नुसती बाबाई लावा, आम्ही नुसते मासे धरतो, अदलाबदल करू, दोघांचा फायदा!"

कोपऱ्यात एक म्हातारी खोबरं चावत होती, तिचा जबडासुद्धा थांबला.

आणि सिद्धांतात चूक नाहीये हो, तेच तर दुखणं आहे! पुस्तकात उदाहरणाला कापड असतं, दारू असते, कुणाला राग येत नाही. पण बाबाई? अहो, तो कंद खड्ड्यात वर्षानुवर्षं पोसतात, त्याला कुठला पाला घालायचा ते बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो! इथला माणूस एक वेळ बायकोचं वय सांगेल, खड्ड्यातला पाला नाही सांगणार. आणि मी भर सभेत...

तेरेतियाचे वडील, बाउरोमामा, हळूच म्हणाले, "चार?"

"मामा, समजा म्हटलं मी."

"मग स्वतःचे चार समजायचे होतेस!"

हे तीन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

उठले की सगळे! चटया गुंडाळून होड्यांत! दुसऱ्या दिवशी सकाळी चार माणसं खांद्यावर एक कंद घेऊन आली, एक! आमच्या सभाघराच्या दारात धप्पकन टाकला. "हा घ्या, कमी वाईट!" झालं. आमच्या काकांना कुठं दम निघतोय? त्यांनी बापाच्या वेळचा कंद उपसला, पाच माणसांनी उचलून पलीकडे नेला. मग तिकडून सहा माणसांचा. शनिवार गेला, लग्न कुठलं, दोन्ही गावं खड्ड्यात! आठ दिवसांत एक मासा कुणी धरला नाही, दुकानातले डब्यातले मासे खातोय आम्ही, चहूकडे समुद्र! म्हणजे बघा, मी व्यापार समजावला आणि दोन्ही गावांचं उत्पन्न शून्यावर आणलं. आणि सिद्धांतात चूक नाहीये हो!

तेरेतियाला गाठलं. म्हटलं, "तू तरी समजून घे."

"समजले. मला का पसंत केलंस तेही समजले. दोन-चारजणी बघितल्या असशील, त्यात मी जरा कमी वाईट!"

"अगं, तसं नाही..."

"मग जास्त वाईट?"

मग मी हातच टेकले. गेलो बाउरोमामांकडे, म्हटलं, "मामा, चुकलो. तुम्हीच दोन्हींत भारी, आमचंच गाव दोन्हींत वाईट." मामा इतके खूश झाले, इतके खूश झाले... की त्यांनी ते संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्यांना सांगितलं! मी होडी वल्हवत घरी पोचायच्या आत काकांना कळलेलं. आईनं ताट वाढलं, पण तोंड फिरवून.

शेवटी पुन्हा बैठक. बाउरोमामा म्हणाले, "बाळ, तुझ्या त्या व्यापाराचा शेवटचा भाग परत सांग."

मी म्हटलं, "जे दिल्यानं आपलं सगळ्यात कमी जातं, ते द्यावं, बदल्यात दुसऱ्याचं घ्यावं."

काका विचारात पडले. "म्हणजे गावातनं काय गेलं तर आपलं सगळ्यात कमी नुकसान?"

आणि तुम्हाला सांगतो, अख्खं सभाघर वळून माझ्याकडे बघायला लागलं. आईसुद्धा! आमच्यात मुलगी सासरी येते हो, पिढ्यान्‌पिढ्या! काकांनी एका मिनिटात मला पलीकडे देऊन टाकलं. बदल्यात एक गाभण डुकरीण घेतली. वर हसतायत, "आमचाच फायदा जास्त झाला!"

लग्न झालं, राहायला आलो. पहिल्याच सकाळी सासरे दारात हजर.

"जावईबापू, दिवसाला मासे किती धराल?"

"मामा, खरं सांगायचं तर... अर्धा."

"आणि खड्डे?"

"एक. तोही कुणी हात दिला तर."

"म्हणजे दोन्हींत तुम्ही आमच्या सगळ्यांपेक्षा वाईट."

"हो, मामा."

"पण खड्ड्यात जरा कमी."

तीन वर्षं शिकलोय मी. सिद्धांतात चूक असती तर वाद घातला असता. चपला काढल्या, लुंगी खोचली, आणि उतरलो खड्ड्यात.