कुलपाच्या जागी बासरी

खडकीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एकमेकांच्या ओळखीतले दोन गृहस्थ नंबराची वाट बघत होते.

"युसूफभाई, काल टीव्हीवर पाहिलं तुम्हाला. त्या बुडालेल्या फेरीबोटीच्या डॉक्युमेंटरीत."

"ही चौथी, संपतराव. तुम्हाला उशीरच झाला."

"वाचलेल्यांमध्ये तुम्ही सगळ्यात छान रडलात हो."

"तिसऱ्या वेळेला रडलो ते घेतलंय. आधी दोनदा उजेड कमी पडला म्हणे."

"आणि मागे समुद्र?"

"मुळा नदी आहे ती. समुद्र लांब पडत होता त्यांना."

"पण लाइफ जॅकेटच्या खोलीला कुलूप होतं, ते सांगितलं नाहीत का?"

"चारही फिल्मवाल्यांना सांगितलं."

"मला नाही ऐकू आलं."

"माझे ओठ हलतात आणि बासरी वाजते ना, तेच ते."

"असू द्या. चौकशी समितीपुढे सांगा की सगळं."

"गेलो होतो. साहेब खुर्चीतून उठले. हात जोडले."

"अरे वा! मग?"

"म्हणाले, आपण कशाला त्रास घेतलात? आम्ही आपली फिल्म पाहिली आहे."