सेल्फ, वाइफ आणि बाली

आई : ...आणि हे काय? "पहाटे तीन पन्नास ते दुपारी दोन पन्नास, विश्रांती." अकरा तास विश्रांती? कुठं?

बाबा : क्वालालंपूरच्या विमानतळावर. तिथं विमान बदलायचंय. खुर्च्या चांगल्या आहेत, मी फोटो बघितलेत.

आई : म्हणजे बाली बघायच्या आधी मी अकरा तास खुर्ची बघायची.

बाबा : दोन तासांच्या थांब्याचं विमान घेतलं तर माणशी नऊ हजार जास्त. नऊ हजार देऊन नऊ तास वाचवायचे आणि त्यांचं करायचं काय? रिटायर माणसाला वेळेची काय कमी आहे?

प्रणिता : आई, लाइट घे ना, मनावर नको घेऊ. बाबांनी चार दिवस घालवलेत या फाइलवर. टॅगसुद्धा बांधलाय.

आई : दिसला मला टॅग. छत्तीस वर्षं रेल्वेत काढली, आता सुट्टी पण फाइलवर मंजूर करायची. पुढं वाच ग, माझा चष्मा आत राहिला.

प्रणिता : मला मराठी हळू वाचता येतं, हसायचं नाही. "निवास. स्वयं... स्वयंपाकघर... युक्त खोली. समुद्र, सहा किलोमीटर."

आई : थांब. स्वयंपाकघर कोणासाठी?

बाबा : तिथलं खाणं महाग असतं. शिवाय कशात काय घालतात कळत नाही. सकाळी एकदा खिचडी टाकली की दिवसभराची काळजी मिटली. राइस कुकर आपण इथूनच नेतोय.

आई : बघितलंस प्रणिता? इथं घरी, नल्लकुंट्यात, रोज खिचडी टाकते, तेवढ्याने यांचं पोट भरलं नाही. आता समुद्र ओलांडून टाकायची.

बाबा : पुरीला टाकलीस, रामेश्वरला टाकलीस. तेव्हा काही बोलली नाहीस.

आई : तेव्हा विचारलं होतंत? पुरीला तुम्ही सगळे पाण्यात होतात आणि मी हॉलिडे होममध्ये स्टोव्हला पंप मारत होते. रामेश्वरला वाळूत बसून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. विशाखापट्टणला तुमच्या आईला लाटांची भीती वाटली म्हणून त्यांच्याजवळ बसले, आणि परत चपला. तीन समुद्र बघितले मी, तिन्ही वेळा पाय कोरडे घेऊन घरी आले. आता अठ्ठावन्न चालू आहे. एकदा गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहायचंय मला. बाकी बालीत देऊळ आहे का डोंगर आहे, मला कायकू पाहिजे?

बाबा : राहा की उभी. कोण नको म्हणतंय? सहा किलोमीटर म्हणजे काय, सकाळी चालत निघायचं. मॉर्निंग वॉक पण होतो.

प्रणिता : जानेवारीत, बाबा? तिथं जानेवारीत फुल पाऊस असतो.

बाबा : म्हणून तर स्वस्त आहे.

आई : वा! वरून पाऊस, खालून चिखल, हातात कुकर. छत्र्या नेता येतील का? का त्यांना पण वेगळं तिकीट पडतं?

बाबा : माणशी सात किलो हातातलं सामान फुकट आहे. त्याच्यावर मी एक पैसा देणार नाही. कुकर दोन किलो, डाळ-तांदूळ तीन किलो...

आई : म्हणजे माझ्या सातातले पाच गेले. उरलेल्या दोन किलोत मी. एक साडी आणि ब्रश.

बाबा : लागलं तर माझ्या बॅगेत थोडी जागा आहे.

आई : नक्को. तिथं फाइल झोपवा आडवी.

बाबा : तुला काय ते अंबाजीसारखं पाहिजे? प्रणिता, तुला आठवतो ना, तारनाक्याचा अंबाजी, माझ्याच सेक्शनमध्ये होता? पॅकेज घेऊन बालीला गेला, दोघांचे अडीच लाख घातले. काय बघितलं विचारलं तर म्हणतो, माकडं! झू पार्कात काय माकडांचा दुष्काळ पडलाय?

आई : अंबाजीभाऊंच्या बायकोचा पाण्यातला फोटो मी बघितला. हसत होती. वीस वर्षं ओळखते मी तिला. ती हसते हे मला माहीतच नव्हतं.

प्रणिता : सरे, ठीक आहे, दोघं ऐका. अजून काही बुक तर नाही केलं ना? मग मी आहे इथं रविवारपर्यंत, आपण तिघं बसून नीट बघू...

बाबा : बुक झालं.

आई : काय झालं?

बाबा : तिकिटं. परवा दुपारी सेल लागला होता. तू शिवणक्लास घेत होतीस. मी स्वतः काढली, एजंटला एक रुपया न देता. दोघांचं, जाऊन-येऊन. परत करता येत नाहीत, बदलता येत नाहीत, म्हणूनच त्या भावात मिळाली.

प्रणिता : अय्यो बाबा! आणि पासपोर्ट?

बाबा : पासपोर्टचा नंबर नंतर भरला तरी चालतो, तिथं लिहिलंय तसं. नाव आणि जन्मतारीख टाकली की झालं. मला फॉर्म भरायला कोणी शिकवायची गरज नाही.

प्रणिता : फोन द्या इकडं. तिकीट दाखवा... बाबा, आईचं नाव काय टाकलंय हे?

बाबा : काय म्हणजे? प्रियदर्शिनी अनंत उमरीकर.

(आई हसू लागते. बराच वेळ हसते.)

बाबा : हसायला काय झालं?

आई : सांग ग. मागच्या वर्षी तूच नेलंस ना मला पासपोर्ट ऑफिसात? सांग बाबांना, त्या पासपोर्टावर कोण बाई आहे.

प्रणिता : भामा. भामा अनंत उमरीकर. पहिलं नाव आईच्या दहावीच्या सर्टिफिकेटवरचंच आहे, बाबा. आधारवर पण तेच आहे.

बाबा : पण ते नाव तर... ते लग्नात बदललं. ताटातल्या तांदळावर मी स्वतः अंगठीने लिहिलं होतं. सगळ्यांच्या समोर.

आई : आणि ते तांदूळ दुसऱ्या दिवशी तुमच्या आईंनी शिजवले. कोणत्या ऑफिसात जमा करणार होतात?

बाबा : मग एवढी वर्षं कुठं अडलं कसं नाही? सगळा देश हिंडलो आपण.

आई : कसं अडेल? तुमच्या रेल्वेच्या फुकट पासवर काय लिहिलेलं असायचं? सेल्फ, वाइफ, वन डॉटर. रिझर्वेशनच्या फॉर्मवर मिसेस उमरीकर. चौतीस वर्षं मी वाइफ या नावाने हिंडले. एखाद्या टीसीने पण कधी विचारलं नाही की बाई, तुम्ही कोण.

बाबा : तुला माहीत होतं तर सांगायचं ना मला!

आई : मला न विचारता तिकीट काढलंत आणि मी सांगायचं? चार दिवस बसून तुम्ही परदेशातल्या खुर्च्यांचे फोटो बघितलेत. बायकोचं नाव बघायला आतल्या खोलीतल्या कपाटापर्यंत जावं लागलं असतं. दहा पावलं आहेत.

बाबा : बरं, चुकलं. करू काहीतरी. फोन लावतो त्यांना. एका नावाचा तर प्रश्न आहे.

आई : हौ. एका नावाचाच. प्रणिता, तुला माहीत आहे नाव का बदललं? माझ्या वडिलांनी, दत्तोबांनी, त्यांच्या आईचं नाव ठेवलं होतं मला. आणि तुझ्या बाबांकडं भांडी घासायला यायची तिचं नाव पण भामा. तुझी आजी म्हणाली, एका घरात दोन भामा नकोत, हाक मारली की दोघी येतील. मग नाव कोणाचं बदललं? तिचं नाही बदललं. माझं बदललं.

बाबा : ती आधीपासून होती आमच्याकडं.

आई : ऐकलंस? सीनियॉरिटी लावली.

प्रणिता : बाबा, प्लीज. तुम्ही थोडा वेळ काहीच बोलू नका.

आई : बोलू दे की. निदान कळतं तरी. वीस वर्षांची होते, वाटलं, घर नवीन तसं नाव नवीन, असंच असतं. पण खरं सांगते, पहिले सहा महिने प्रिया म्हणून हाक आली की मी मागं वळून बघायची, कोण आलं म्हणून. माहेरी गेले की वडील भामा म्हणायचे, तेव्हा बरं वाटायचं. ते गेले. आता ते नाव फक्त कपाटात आहे. पैसे बुडाले तरी मला काही नाही वाटत. माझं नाव तुमच्या डोक्यातून पुसून गेलं याचा राग येतो मला. फार राग येतो.

प्रणिता : मी नियम बघितले. एखादं अक्षर चुकलं तर दुरुस्त करून देतात. अख्खं नाव बदलत नाहीत. आईचं तिकीट गेलं, बाबा.

बाबा : संपूर्ण?

प्रणिता : संपूर्ण.

आई : जाऊ दे. ज्या बाईचं होतं ती कुठं होती? प्रणिता, तू माझं नवीन काढ. दोन तासांच्या थांब्याचं. मे महिन्यात, ऊन असतं तेव्हा. खोली समुद्राला लागून बघ, आणि तिच्यात चूल, ओटा, गॅस काही असेल तर ती नको. माझ्या क्लासचे पैसे बँकेत पडून आहेत.

बाबा : आणि मी?

आई : तुमचं जानेवारीचं आहे ना? तुमचं नाव बरोबर आहे.

बाबा : एकटा जाऊ? पावसात?

आई : सेल्फ. पासवर पहिला शब्द तोच असायचा.

प्रणिता : आई, तू एकटी जाशील पण? पहिल्यांदा विमानात बसणार.

आई : तू येतेस तर ये. तुझे बाबा येतात तर येऊ देत, मी अडवत नाही. पण मी जाणार. तू भर ते.

बाबा : प्रणिता... माझं पण मे महिन्यातच बघ.

आई : जानेवारीचं?

बाबा : बुडू दे.

आई : तुमच्या तोंडून हा शब्द! तब्येत ठीक आहे ना?

प्रणिता : सरे, मी भरतेय. दोघं गप्प बसा. पहिल्या पॅसेंजरचं नाव... आई, बोल.

आई : मला माझं नाव माहीत आहे. त्यांना विचार.

बाबा : भामा.

आई : भामाला ऐकू नाही गेलं.

बाबा : भामा!

आई : ओ.